अंगठा उमटेना तेव्हा

'मनोरंजन' मासिकाच्या १९०९ च्या अंकापासून दिवाळी अंक हे मराठी कथेचे हक्काचे दार राहिले आहे, त्यामुळे पावसाळा लागला की नव्याने लिहू लागलेल्यांचा एक प्रश्न हमखास येतो: कथा वाचून घरचे, मित्र सगळे बरी म्हणतात, तरी ती साभार परत येते, मग ती सुधारायची कशी? तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, पण माझ्याजवळ सांगण्यासारखे फार नाही. जे आहे ते माझ्याच एका परत आलेल्या कथेने शिकवलेले आहे.

कथा हक्कसोडपत्राची होती. वडील गेल्यावर थोरली बहीण दोन भावांबरोबर तालुक्याच्या गावी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जाते आणि जमिनीतला आपला हिस्सा सोडून देते, एवढाच प्रसंग; पण माझ्या पहिल्या खर्ड्याची अकरा पाने झाली. पहिल्या तीन पानांत वडिलांचे आजारपण, भावंडांचे बालपण आणि विहिरीवरचा आंबा येऊन गेला. चौथ्या पानावर बहिणीच्या वकील मैत्रिणीने १९५६ चा हिंदू वारसा कायदा, १९९४ मध्ये महाराष्ट्राने केलेली दुरुस्ती आणि २००५ मध्ये देशभर मुलीला मुलाइतकाच मिळालेला जन्मसिद्ध हक्क असे सारे एका दमात सांगून टाकले, आणि त्यानंतर ती मैत्रीण कथेत पुन्हा फिरकली नाही. परत आलेल्या हस्तलिखिताच्या समासात संपादकांनी पेन्सिलीने लिहिले होते, 'बाई कचेरीत पाचव्या पानावर पोचतात. आम्ही तिथे केव्हाचे बसून आहोत.'

राग आला, हे कबूल करते. तो ओसरल्यावर मी अशा एका कचेरीत दोन सकाळी नुसती बाकावर जाऊन बसले, कारण जिथे माझी कथा घडत होती ती जागा मी धड पाहिलेलीच नव्हती. टोकनची वाट पाहणारी माणसे, ओळख पटवायला आणलेले साक्षीदार, कागदांवर सह्या झाल्या की छोट्या कॅमेऱ्यासमोर बसवून काढला जाणारा फोटो आणि मग यंत्राच्या काचेवर टेकवायचा अंगठा, हे सगळे पाहिले. एका बाईंचा अंगठा काही केल्या उमटेना. भांडी घासून आणि खुरपणी करून बोटांच्या रेषा झिजतात, हे त्या कचेरीतल्या सगळ्यांना ठाऊक होते; ठाऊक नव्हते ते फक्त मला, त्यांच्यावर कथा लिहिणारीला.

दुसरा खर्डा त्या बाकावरच सुरू झाला. बालपणाची तीन पाने गेली आणि त्यांच्या जागी बहिणीचा एकच प्रश्न राहिला: 'आंबा धरलाय का रे ह्यात?' थोरला भाऊ मोबाइलमधून मान वर न काढता 'सगळंच धरलंय' म्हणतो. कायदा पूर्णपणे गेला, कारण तो तिला ठाऊक असता तर तिने निराळे काही केले असते असे मला कुठेच दाखवता आले नव्हते.

इथे एक गोष्ट जरा विस्ताराने सांगते. पहिल्या खर्ड्यात मी लिहिले होते, 'धाकट्याच्या वागण्यातला परकेपणा जाणवून तिला आतून तुटल्यासारखे झाले.' दुसऱ्या खर्ड्यात, जन्मभर 'ए आक्के' म्हणणारा तोच भाऊ कारकुनासमोर म्हणतो, 'आक्का, तुम्ही इथं बसा. सही शेवटच्या पानावर करा.' परकेपणा हा शब्द लिहिण्याची गरजच उरली नाही. तू आणि तुम्ही, अगं आई आणि अहो आई, नुसते नाव आणि नावापुढचा 'राव' यांतून नात्याचा अख्खा इतिहास सांगण्याची सोय मराठीने आपल्याला फुकट दिली आहे, आणि तरी आपण 'त्यांच्यात दुरावा आला होता' असे लिहीत बसतो. तुमची कथा एकदा फक्त संबोधनांसाठी वाचून पाहा. पहिल्या ओळीपासून शेवटापर्यंत कुणाचेही कुणाला हाक मारणे बदलत नसेल, तर नातेही जागचे हललेले नसण्याची दाट शक्यता आहे.

उशिरा सुरुवात करा हा मात्र नियम समजू नका. पाल्हाळ लावणारा निवेदक असतो, चावडीवर बसून मूळ गोष्टीआधी चार पिढ्या सांगणारा, आणि त्याचा पाल्हाळ हीच त्याची कथा असते. माझ्या पाल्हाळाला असा कुणी धनी नव्हता. शब्दसंख्या, शीर्षक, टोपणनाव यांची काळजी मात्र फार करू नये, ती कामे संपादक आनंदाने करतात.

शेवट मला सगळ्यात जड गेला. पहिल्या खर्ड्यात सही झाल्यावर सात ओळी होत्या, कागदाने रक्ताची नाती तुटत नसतात वगैरे. त्या काढायला मला आठ दिवस लागले, कारण त्याच ओळींसाठी आपण कथा लिहिली अशी माझी समजूत होती. आता तिथे अंगठा आहे. तो तीनदा उमटत नाही, ऑपरेटर वैतागतो, मागची रांग चुळबुळते. धाकटा खिशातून रुमाल काढतो, बहिणीचा अंगठा पुसतो, तो आपल्या हाताने काचेवर धरतो आणि म्हणतो, 'दाब की आक्के जरा.'