मुदतीआधी ‘घर खाली करा’ म्हटले तर

नाशिकमध्ये भाडेकरू म्हटला की कायद्याच्या दृष्टीने दोन अगदी वेगळी माणसे डोळ्यांसमोर आणावी लागतात. एक पंचवटीतील किंवा रविवार कारंजाजवळच्या जुन्या वाड्यात आजोबांपासून राहणारा, आणि दुसरा इंदिरानगर, पाथर्डी फाटा किंवा गंगापूर रोडवरच्या फ्लॅटमध्ये अकरा महिन्यांच्या करारावर राहणारा. पहिल्याला महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 चे भक्कम संरक्षण आहे. तो नियमित भाडे भरत असेल, तर कलम 16 मध्ये दिलेल्या कारणांपैकी एखादे न्यायालयात सिद्ध केल्याशिवाय मालकाला ताबा मिळत नाही. वाडा धोकादायक ठरवून महापालिकेने उतरवला, तरी तेवढ्याने भाडेकरूचा हक्क संपत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2014 चा निर्णय आहे. दर पावसाळ्यात वाड्यांना नोटिसा लागतात तेव्हा घाबरून सह्या करून देणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे.

दुसऱ्याची गोष्ट निराळी आहे. माझा भाचा पाथर्डी फाट्याला राहतो. कराराची निम्मी मुदतही सरली नव्हती, तोच मालकांचा व्हॉट्सॲपवर निरोप आला: ‘फ्लॅटला गिऱ्हाईक मिळाले आहे, पंधरा दिवसांत खाली करा.’ त्याच्या मित्रांनी लगेच दोन टोकांचे सल्ले दिले. एक म्हणाला, मालक काही करू शकत नाही, बसून राहा. दुसरा म्हणाला, घर त्यांचे आहे, निमूटपणे सामान बांध. माझ्या मते दोघेही चुकत होते.

अकरा महिन्यांच्या अशा लिव्ह अँड लायसन्स करारावर राहणारा माणूस कायद्याने भाडेकरू नसून अनुज्ञप्तीधारक असतो, म्हणजे त्याला घराच्या वापराची परवानगी मिळालेली असते, घरात त्याचा हितसंबंध निर्माण होत नाही. त्यामुळे कलम 16 ची ढाल त्याच्या हाती नाही. घर विकले जाते तेव्हा हा फरक फारच बोचतो, कारण भारतीय सुविधाधिकार अधिनियम, 1882 च्या कलम 59 प्रमाणे नव्या खरेदीदारावर जुन्या मालकाने दिलेली अशी परवानगी बंधनकारक नसते. वाड्यातल्या भाडेकरूला मात्र मालक बदलल्याने काही फरक पडत नाही. तो पूर्वीचेच भाडे नव्या मालकाला देतो.

तरीही याच 1882 च्या कायद्यात अनुज्ञप्तीधारकाच्या बाजूची दोन कलमे आहेत, ज्यांचा उल्लेख एजंट सहसा करत नाहीत. कलम 63 नुसार परवानगी रद्द झाली तरी घर सोडून सामान हलवण्यासाठी वाजवी अवधी द्यावाच लागतो. आणि कलम 64 असे सांगते की, मोबदला घेऊन दिलेली परवानगी तिचा पूर्ण उपभोग होण्याआधीच, राहणाऱ्याचा काही दोष नसताना काढून घेतली, तर त्याला मालकाकडून नुकसानभरपाई मागता येते. टेम्पोचे भाडे, नव्या घराची दलाली, वर्षाच्या मध्येच मुलांची बदललेली शाळेची रिक्षा, या सगळ्याच्या पावत्या म्हणूनच जपून ठेवाव्यात.

मग आम्ही करार काढून वाचला. बहुतेकांचा करार सहीनंतर कपाटात जातो तो डिपॉझिट मागायच्या दिवशीच बाहेर येतो. त्यात लॉक-इनचे कलम होते, पहिले सहा महिने दोघांपैकी कोणीही करार संपवू शकणार नाही असे सांगणारे, आणि त्यानंतर एक महिन्याच्या लेखी नोटिशीची अट होती. म्हणजे व्हॉट्सॲपवरचा पंधरा दिवसांचा निरोप कराराच्या कोणत्याच कलमात बसत नव्हता. काही करारांत लॉक-इन फक्त राहणाऱ्यावर घातलेला असतो, मालक मोकळा. सही करण्याआधी बघायची ओळ असेल तर ती ही.

करार नोंदवलेलाच नसेल तर? 1999 च्या कायद्याच्या कलम 55 प्रमाणे अकरा महिन्यांचा करारसुद्धा लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. त्याने ती टाळली, तर अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. ‘नोटरी केलंय, पुरे’ हे वाक्य नाशिकमध्ये अजून सर्रास ऐकू येते, ते मालकाच्याच अंगाशी येणारे आहे.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. मुदत संपल्यावर घर अडवून बसणे महागात पडते, कारण 1999 च्याच कायद्याच्या कलम 24 नुसार सक्षम प्राधिकारी, म्हणजे अशा प्रकरणांसाठी नेमलेले अधिकारी, मालकाला ताबा मिळवून देऊ शकतात आणि उशिराच्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई लागू शकते. पण त्या कलमाची भाषा मुदत संपल्यानंतरची आहे. मधल्या काळात कुलूप बदलणे, पाणी किंवा वीज तोडणे, सामान जिन्यात आणून ठेवणे याला त्यात आधार नाही. शांतपणे ताबा असलेल्या माणसाला, त्याचा राहण्याचा हक्क संपला असे धरले तरी, कायदेशीर मार्गाशिवाय बाहेर काढता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच स्पष्ट केले आहे. अशी धमकी आलीच तर पोलीस बहुधा ‘दिवाणी बाब आहे’ म्हणतात, तेव्हा तक्रारीची पोच घेऊन दिवाणी न्यायालयात मनाईहुकूम मागावा. सीबीएस या मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, आणि 1987 च्या कायद्याप्रमाणे महिलांना उत्पन्न न बघता तिथे मोफत वकील मिळतो.

भाच्याने मालकांना लेखी उत्तर दिले, भाडे नेहमीप्रमाणे त्यांच्या खात्यावर भरले आणि वकिलाची नोटीस पाठवण्याआधी समोरासमोर बसण्याची तयारी दाखवली. मालक वाईट नव्हते, घाईत होते. शेवटी भाच्याच्या मुलीची परीक्षा होईपर्यंत मुदत, सामान हलवण्याचा खर्च मालकांकडे आणि चावी देतानाच पूर्ण डिपॉझिट परत, असे कागदावर ठरले. रंगकामाच्या नावाखाली पैसे कापायचे नाहीत, हे वाक्य त्या कागदात माझ्या ताईच्या आग्रहाने घातले गेले.