मार लॉज: शिंगं बघायला जाणार असाल तर आधी फोन करा

‘दार उघडंच असतं, सरळ आत शिरायचं आणि वर बघायचं.’ स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीन शहरातल्या आमच्या मराठी मंडळींपैकी एकाने मार लॉजबद्दल, म्हणजे ब्रेमार गावाजवळच्या शिकारीच्या कोठीबद्दल, हे छातीठोकपणे सांगितलं होतं. दार उघडं नसतं. मार लॉजची ती प्रसिद्ध बॉलरूम (नाचाचा हॉल), जिच्या छताला आणि भिंतींना २,४३५ हरणांची शिंगं लावलेली आहेत, मुख्य घरापासून वेगळी आहे आणि सर्वांसाठी ठरावीक दिवशीच उघडते. एरवी तिथे लग्नाचं वऱ्हाड असतं, नाहीतर कुलूप. आमच्या नशिबी कुलूप.

अ‍ॅबर्डीनहून २०१ नंबरची बस ब्रेमारला सोडते, दोन तासांच्या वर लागतात. प्रवास झकास, त्याबद्दल काही बोलायला नको. पण ब्रेमारपुढे बस नाही. आम्ही लिन ऑफ डीपर्यंत, म्हणजे लॉजच्या पुढे डी नदी जिथे अरुंद घळीतून जाते तिथपर्यंत, गाडी ठरवली. जेमतेम १० किलोमीटरचं अंतर, पण ड्रायव्हरने जे उकळले त्यात अ‍ॅबर्डीन-ब्रेमार बसची दोन तिकिटं आली असती. वर उतरताना ‘परतीला बोलवा’ म्हणून कार्ड! भाडं बसायच्या आधी ठरवा, किंवा सरळ चाला.

लिन ऑफ डीहून डेरी लॉज साधारण ५ किलोमीटर. तीही शिकारीचीच कोठी, आता खिडक्यांना फळ्या ठोकून बंद. आत जाता येत नाही, बाहेरून पाच मिनिटांत बघून होते. मागे केर्नगॉर्मचे डोंगर चढायचे नसतील तर एवढी पायपीट करू नका.

आता मुख्य घर. आधीची कोठी १८९५च्या जूनमध्ये जळाली आणि त्याच वर्षी खुद्द व्हिक्टोरिया राणीने नव्या घराची पायाभरणी केली. घर तिच्या नातीचं, लुईझचं, आणि तिच्या नवऱ्याचं, म्हणजे ड्यूक ऑफ फाइफचं. वास्तुरचनाकार अलेक्झांडर मार्शल मॅकेन्झी, काम संपलं १८९८मध्ये. बुरूजबिरूज डोक्यात घेऊन जाल तर हिरमोड होईल. खाली गुलाबी ग्रॅनाइट, वर तांबडी कौलं, पांढऱ्या त्रिकोणी भिंतींत गडद लाकडी पट्ट्या आणि लाकडी खांबांचा व्हरांडा. महाबळेश्वरचा एखादा जुना बंगला दहापट फुगवावा तसं दिसतं. मला आवडलं, बायकोला अजिबात नाही. व्हरांड्याचे खांब मात्र जवळून बघाच. दिवसभर डोंगरात भिजून आलेल्या शिकाऱ्यांनी चिखलाचे बूट घेऊन टेकायची जागा ती. घराची खरी गंमत तिथे आहे, दिवाणखान्यात नाही.

आणि दिवाणखाना तरी जुना कुठे उरलाय? १९९१मध्ये दुरुस्ती चालू असताना आग लागली आणि आतलं बरंचसं नव्याने बांधावं लागलं. १९९५पासून सगळी इस्टेट, २९,००० हेक्टर, नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे. घरात राहायला भाड्याने अपार्टमेंट मिळतात. शिकारीसाठी वाढू दिलेली हरणं पाईनची रोपं खाऊन टाकायची, म्हणून ट्रस्टने त्यांची संख्या कमी केली. आता वाटेच्या दोन्ही बाजूंना गुडघ्याएवढी रोपं दिसतात. स्कॉटलंडमध्ये इस्टेटीवर हिंडायचा हक्क आहे, पण लोकांच्या खिडक्यांशी जाऊन फोटो काढायचा नाही. एक ग्रुप काढत होता, लाज वाटली.

खरा छळ परतीचा. लॉजसमोरच्या व्हिक्टोरिया पुलावरून डी नदी ओलांडली की ब्रेमारपर्यंत ६ किलोमीटर डांबरी रस्ता. अरुंद, फूटपाथ नाही, वळणावर गाडी आली की गवतात उडी मारायची. त्यात संध्याकाळी वारा पडला आणि मिजेस सुटल्या. डासापेक्षा बारीक, पण थव्याने कानात, डोळ्यांत, शर्टाच्या कॉलरखाली. चालायचं थांबलात की संपलात. उन्हाळ्यात डोक्यावरची जाळी नसेल तर हा रस्ता संध्याकाळी करूच नका, हे मी अजून खाजवत लिहितोय.

माझं ऐकाल तर सकाळीच ब्रेमारहून निघून हे ६ किलोमीटर ताज्या पायांनी उरका, पूल ओलांडून लॉज बघा, ताकद उरली तर उत्तर काठाच्या रस्त्याने लिन ऑफ डीला जा. डेरी लॉज गाळा. बॉलरूमची तारीख निघायच्या आधी विचारून घ्या, आणि परतीच्या शेवटच्या बसची वेळ थांब्यावर उतरल्याबरोबर फोटो काढून ठेवा. ती आपल्या अंदाजापेक्षा लवकर असते.