शासनमान्य

स्मरणिकेसाठी लिहायला बसलो आणि आधी आठवली ती घासलेटची रांग. १९७९ साली मी नववीत होतो. नौपाड्यात रेशनच्या दुकानापुढे डबा घेऊन उभं राहायचं, नंबर लागला नाही की तसंच शाळेकडे पळायचं. एकदा उशीर झाला. इतिहासाच्या बाईंनी दारातच अडवून कारण विचारलं. ‘घासलेट,’ मी म्हणालो. वर्ग हसला. बाई म्हणाल्या, ‘आत ये. तुझा डबा तेहरानमुळे रिकामा आहे.’ त्या दिवशीचा धडा राहिला तो राहिलाच.

इराणमधल्या क्रांतीमुळे तेलाची टंचाई झाली होती; तिथला राजा, म्हणजे शहा, जानेवारीतच देश सोडून गेला होता. नोव्हेंबरच्या ४ तारखेला तेहरानच्या अमेरिकी वकिलातीत विद्यार्थी घुसले. आता अमेरिका बाँब टाकणार, अशी आमची मधल्या सुट्टीतली खात्री. बाईंनी फळ्यावर एकच शब्द लिहिला, ‘मान्यता’. क्रांती झाली की नव्या सरकारला सरकार म्हणायचं की नाही, याचाच काथ्याकूट मोठी राष्ट्रं वर्षानुवर्षं करतात, म्हणाल्या.

मागच्या बाकावरून एकाने विचारलं, ‘बाई, आपल्या पाटीवर शासनमान्य लिहिलंय, तसंच का?’ आम्हाला वाटलं, हा आता बाहेर. पण बाई खूश. ‘अगदी तसंच! मान्यता नसली तरी शाळा भरतेच. घंटा होते, पोरं येतात. अडतं ते अनुदान.’

मग त्या सुटल्याच. रशियात क्रांती १९१७ ची, अमेरिकेची मान्यता १९३३ ची. ब्रिटनने १९२४ मध्ये दिली, १९२७ मध्ये संबंध तोडले, १९२९ मध्ये पुन्हा जोडले. माओंच्या चीनला आपण १९४९ संपायच्या आत मानलं. ब्रिटनने पुढच्याच आठवड्यात, कारण हाँगकाँग सांभाळायचं होतं. अमेरिकेला १ जानेवारी १९७९ उजाडावा लागला. म्हणजे आम्ही आठवीत होतो तेव्हा! उलट क्युबात कॅस्ट्रो आले तर अमेरिकेची आठवड्याभरात मान्यता, आणि दोन वर्षांनी वकिलातीला कुलूप.

पण माझ्या डोक्यात बसली ती हैती. गुलामांनी फ्रेंचांविरुद्ध बंड करून १८०४ मध्ये मिळवलेला देश. फ्रान्सने १८२५ मध्ये मान्यता दिली ती लढाऊ जहाजं किनाऱ्याला उभी करून, १५ कोटी फ्रँक भरपाईच्या अटीवर. भरपाई कुणाला, तर जुन्या मालकांना. अमेरिका १८६२ पर्यंत गप्प, कारण तिच्याच दक्षिणेत गुलामगिरी चालू. बाई हे सांगताना खडू हातातच धरून उभ्या होत्या. फळ्यावर काही लिहिलं नाही. (परीक्षेत यातलं अक्षरही आलं नाही. मला इतिहासात बेचाळीस.)

पुढे मी बँकेत लागलो, वाशीला बावीस वर्षं काढली. पण परदेशातलं सरकार उलथलं की अजून आधी बघतो ते कोणाची वकिलात उघडी आहे.

बाई आता घोडबंदर रोडला मुलाकडे असतात. २०२५ च्या जुलैत मी मुद्दाम फोन केला, ‘बाई, तालिबानला रशियाने मान्यता दिली. पहिलाच देश.’

‘काबूल घेतलं कधी त्यांनी?’

‘२०२१ च्या ऑगस्टमध्ये.’

‘चार वर्षं. बरं, आणि आपण?’

‘आपण नाही दिली. पण २०२२ पासून आपलं तांत्रिक पथक तिथे वकिलातीत आहे.’

पलीकडून हसण्याचा आवाज आला. ‘म्हणजे मान्यता नाही, पण इन्स्पेक्टर येऊन बसलाय.’