रनोमे, १:७२ : नाळेकडच्या फळ्या पूर्ण

मागच्या नोंदीत या जहाजाच्या लाकडी मॉडेलचा कणा आणि फ्रेम उभ्या झाल्या होत्या. आता तोफांच्या खिडक्यांच्या उंबऱ्यापर्यंत दोन्ही कुशींच्या फळ्या बसल्या आहेत, आणि जहाजाचा घाट पहिल्यांदाच डोळ्यांना दिसू लागलाय.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी: रनोमे ही पालास वर्गातली, म्हणजे एकाच आराखड्यावरच्या जहाजांपैकी, फ्रेंच फ्रिगेट (तीन डोलकाठ्यांची वेगवान युद्धनौका). आराखडा फ्रेंच जहाजरचनाकार झाक-नोएल साने यांचा, १८०५ चा. मूळ जहाज ४६.९३ मीटर लांब, ११.९१ मीटर रुंद, म्हणजे मॉडेलचं धड साधारण ६५ सेंटिमीटर लांब आणि साडेसोळा सेंटिमीटर रुंद. मुख्य डेकवर १८ पौंडी २८ तोफा, वरच्या डेकवर ८ पौंडी तोफा आणि कॅरोनेड नावाच्या आखूड तोफा. फ्रेंच पौंड इंग्रजी पौंडापेक्षा जड, त्यामुळे हा १८ पौंडी गोळा इंग्रजी मापात १९ च्या वर जातो. तोफांचे व्यास काढताना हे ध्यानात ठेवा.

सगळा वेळ खाल्ला तो नाळेनं, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकानं. तिथली गोलाई इतकी भरीव आहे की सरळ पट्टी वळवायला गेलं की तिची खालची कड उचलते आणि फ्रेम सोडते. म्हणून पट्टी आडवी वाकवणं सोडून दिलं. प्रत्येक फळीच्या जागेवर कागद ठेवून वरच्या फळीची कड उतरवून घेतली, आणि त्या वळणानुसारच लाकूड कापलं. कापलेली फळी गरम इस्त्रीवर फक्त एका दिशेनं वळवायची राहते. लाकूड हळदू. सागवानाच्या रेषा या मापाला फार ठळक दिसतात. हळदूचा पोत बारीक, धार लावलेल्या पात्याखाली तो कड तुटू न देता कापला जातो. ज्यांना परदेशी पेअरवुड (नासपतीचं लाकूड) परवडत नाही त्यांनी वखारीत हळदूचे तुकडे जरूर शोधावेत.

याच आराखड्यावर डझनांनी फ्रिगेट बांधल्या गेल्या. त्यांत १८१६ मध्ये आफ्रिकेच्या किनाऱ्यावर फुटलेली मेद्यूजही आहे, आणि तिच्यावरच्या माणसांच्या तराफ्याच्या प्रसिद्ध चित्रामुळे बहुतेक जण तीच निवडतात. मी रनोमे घेतली त्याचं कारण मुंबईकडे जातं.

१८११ च्या सुरुवातीला रनोमे, क्लोरिंद आणि नेरेईद या तिघी, तिन्ही याच वर्गातल्या, मॉरिशसला कुमक घेऊन ब्रेस्टहून निघाल्या. बेट त्याआधीच, डिसेंबर १८१० मध्ये, इंग्रजांकडे गेलं होतं. २० मे १८११ ला मादागास्करजवळ इंग्रज जहाजांशी गाठ पडली, रनोमेचा कप्तान रोकबेर मारला गेला आणि रनोमे पकडली गेली. इंग्रजांनी तिचं नाव जावा ठेवलं. पुढच्या वर्षी ती मुंबईला निघाली. जहाजावर मुंबईला नेमणूक झालेले जनरल थॉमस हिस्लॉप, मुंबईच्या गोदीतल्या जहाजांसाठी तांबं, आणि तिथे बांधायच्या ट्रिंकोमाली फ्रिगेटचे आराखडे. २९ डिसेंबर १८१२ ला ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या कॉन्स्टिट्यूशन या फ्रिगेटनं तिला इतकं फोडलं की पकडूनही ती न्यायच्या लायकीची उरली नाही. कॉन्स्टिट्यूशनचा कप्तान बेनब्रिजनं ती जाळली.

आराखडे पुन्हा पाठवावे लागले. ट्रिंकोमाली ज्या लीडा वर्गातली, तो वर्ग इंग्रजांनी १७८२ मध्ये पकडलेल्या एबे या फ्रिगेटवरून उतरवला होता, आणि एबेही साने यांचीच. म्हणजे साने यांच्या हातचा एक घाट त्यांच्याच दुसऱ्या जहाजातून मुंबईला येत होता! मुंबई गोदीचे जहाजबांधणीकार जमशेटजी बमनजी वाडियांनी तो सागवानात उभा केला. १२ ऑक्टोबर १८१७ ला ट्रिंकोमाली पाण्यात उतरली आणि आज ती इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे. हिस्लॉप त्याच वर्षी २१ डिसेंबरला महिदपूरला होळकरांविरुद्ध इंग्रज फौजेचे सेनापती होते.

नाव मात्र मी रनोमेच ठेवणार. इंग्रजांनी ताब्यात घेतल्यावर तोफा बदलल्या, आणि माझ्या समोर आहे तो साने यांचा आराखडा. डाव्या बाजूला वरच्या डेकचा थोडा भाग उघडा ठेवून खालच्या तोफा दिसतील असं करतोय.

पुढे जहाजाच्या तळाला लावायचे तांब्याचे पत्रे. खिळ्यांच्या ठशांसाठी दातेरी चाक वापरून पाहिलंय, पण १:७२ ला ते ठसे मोठे वाटतात. कोणी ठसे न उमटवता नुसत्या पत्र्यांच्या ओळींवर काम भागवलं असेल तर फोटो टाका. मी त्याच बाजूनं झुकलोय.