तुम्ही विचारलंत म्हणून : मी सरसकट २२ पीएफ का लावत नाही

परभणीत माझ्याकडे बोर्ड घेऊन येणारी पोरं शेवटी एकाच प्रश्नावर येतात. "सर, क्रिस्टलच्या दोन्ही बाजूंना सगळे २२ पीएफचे कपॅसिटर लावतात आणि चालतं. तुम्ही दरवेळी क्रिस्टलची डेटाशीट कशाला मागता?" गेल्या आठवड्यात एकाने तर तोंडावर सांगितलं, की मी उगाच किस पाडतो. त्याच्यावर चिडलो, उत्तर दिलंच नाही. ते आता देतो. नवख्यांसाठी : क्रिस्टल म्हणजे ठरलेल्या वेगाने कंप पावून सर्किटला ठोके देणारा क्वार्ट्झचा तुकडा, आणि पीएफ म्हणजे पिकोफॅरॅड, कपॅसिटरचं माप.

चालतं, हे खरंच आहे. मीही कित्येक वर्षं २२च लावले. १६ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलला तेच, घड्याळाच्या ३२.७६८ किलोहर्ट्झलाही तेच. मी ज्या घड्याळी क्रिस्टलवर शिकलो त्याचा लोड, म्हणजे बरोबर वेगाने चालायला त्याला बाहेरून लागणारा कपॅसिटरचा भार, १२.५ पीएफ होता. क्रिस्टलच्या नजरेतून दोन कपॅसिटर सिरीजमध्ये येतात, म्हणजे २२ आणि २२ मिळून ११. बोर्डवरच्या ट्रॅकचे आणि पिनांचे तीनेक धरले की १४. साडेबाराच्या आसपासच. माझी सवय त्या एका क्रिस्टलपुरती बरोबर होती. ती त्याच्यापुरतीच आहे, हे मात्र मला माहीत नव्हतं.

माझ्या मामाची विहीर जिंतूर तालुक्यात आहे. रब्बीत थ्री फेज लाईटची पाळी रात्रीची आली की सत्तरीतल्या माणसाने बॅटरी घेऊन अंधारात बांधावरून जायचं, हे मला बघवेना. म्हणून टायमर बनवून दिला. लाईट आली की मोटार चालू, अडीच तासांनी बंद, कारण विहिरीत पाणीच तेवढं. अडीच तास मोजायला मायक्रोकंट्रोलरच्या, म्हणजे बोर्डवरच्या प्रोग्रॅम करता येणाऱ्या चिपच्या, आतलं घड्याळ, लाईट गेली तरी ते चालू राहावं म्हणून बटणसेल.

त्या वेळी जुने क्रिस्टल संपले होते. दुकानातून नवे आणले. तीच बारीक चंदेरी नळी, तेच दोन पाय. यांचा लोड ६ पीएफ होता. नळीवर तसं काही लिहिलेलं नसतं, मी विचारलं नाही. २२ लावून मोकळा झालो.

डिसेंबरात मामाचा फोन आला. "तुझं घड्याळ मागं पडायलंय रं. महिन्यात पाच मिनिटं." मी म्हणालो, "मामा, लावतानाच चुकलं असेल."

हे वाक्य मला अजून टोचतं. मामाने मोबाईलशी रोज ताडून पाहिलं होतं. सहाच्या जागी चौदा पीएफचा भार पडला, तर असा क्रिस्टल दहा लाखांत शंभर-एकशेदहा भागांनी मंद चालतो. दिवसाला नऊ-साडेनऊ सेकंद, महिन्याला पावणेपाच मिनिटं. उत्तर मामाने फोनवर दिलं होतं. भार जास्त झाला की घड्याळ मागे पडतं, कमी पडला की पुढे जातं, एवढं तर मीच पोरांना शिकवत होतो.

जानेवारीत सेल होल्डरमध्ये ढिला झाला. आता लाईट आली की क्रिस्टलला शून्यातून उठायचं होतं, आणि त्या रात्री तो उठला नाही. माझ्या कोडमध्ये घड्याळाची दोन सेकंद वाट पाहून पुढे जायचं असं लिहिलेलं. कोड पुढे गेला, मोटारीचा स्विच असलेला रिले ओढला गेला, मोटार चालू झाली. घड्याळ जागचं हललं नाही, त्यामुळे अडीच तास कधी झालेच नाहीत. विहीर तळाला गेली आणि मोटार कोरडी फिरत राहिली.

सकाळी चौघांनी दोर लावून मोटार वर काढली. मी दुपारी पोचलो तेव्हा ती उघडून ठेवली होती. वाइंडिंग कोळशासारखं काळं, बोट लावलं की वार्निश भुगा होऊन पडत होतं. रिवाइंडिंग करून मोटार परत विहिरीत सोडायला नऊ दिवस गेले, आणि गहू नेमका ओंबीत होता. मामा एक शब्द बोलला नाही. टायमरची पेटी टॉवेलात गुंडाळून माझ्या गाडीत ठेवली.

घरी सेल काढून तोच बोर्ड चाळीसदा बंद-चालू केला. सात वेळा घड्याळ उठलं नाही. घड्याळाचा ऑसिलेटर, म्हणजे क्रिस्टलला हलवत ठेवणारं सर्किट, मुद्दाम कमी ताकदीचा असतो, सेल टिकावा म्हणून. त्याला लागणारा जोर भाराच्या वर्गाने वाढतो. सहाचे चौदा केले, क्रिस्टलचा स्वतःचा एखादा पीएफ धरला, तर जवळपास साडेचारपट जोर लागतो. गरजेच्या पाचपट जोर हाताशी असावा असा धंद्यातला दंडक आहे. ती सगळी शिल्लक मी दोन कपॅसिटरांत घालवली होती. हिशोब एवढाच : लोडमधून ट्रॅकचे वजा करा, दुप्पट करा. सहा वजा तीन, गुणिले दोन, सहा. ६.८ पीएफचे सीझीरोजी जातीचे, म्हणजे तापमानाने फारसे न बदलणारे, कपॅसिटर लावले. चाळीसपैकी चाळीस वेळा उठलं.

आता तुम्ही म्हणाल, खरा दोष कोडचा होता. होय. घड्याळ उठलं नाही तर मोटार चालू व्हायलाच नको होती. कोरड्या विहिरीत मोटार बंद करणारं संरक्षण हवं होतं. दोन्ही मान्य. आणखी एक : कपॅसिटर बदलताना मी बोर्डवरचा फ्लक्सही, म्हणजे सोल्डरिंगचा उरलेला चिकटा, धुतला होता, आणि तोही क्रिस्टलला अडवू शकतो. चाळीसातलं किती श्रेय ६.८ चं आणि किती त्या धुण्याचं, हे मी वेगळं करून पाहिलं नाही. पाहायला हवं होतं. ट्रॅकचे तीन पीएफ हाही माझा अंदाजच. म्हणून आता घड्याळ दुसऱ्या पिनवर बाहेर काढून फ्रिक्वेन्सी मोजतो. क्रिस्टलच्या पायाला मोजणाऱ्या यंत्राचा प्रोब लावत नाही, कारण प्रोबचेच दहा-पंधरा पीएफ असतात.

त्याच लॉटचे आणखी दोन बोर्ड मी दिले होते. एक बदलून आणला. दुसरा सेलूजवळच्या एका शेतावर २२ वरच चालतोय. मालक काढू देत नाहीत. "चालतंय की," म्हणतात. घड्याळ मागं पडतं का विचारलं, तर कधी पाहिलं नाही म्हणाले. सेल मी नवा घातला, होल्डरची पट्टी आवळली, आणि त्याला हात लावू नका एवढं सांगून आलो.