कार्टचं इंजिन खोलायची वेळ कशी ओळखावी: माझा अनुभव

कार्टचं, म्हणजे रेसिंगच्या छोट्या उघड्या गाडीचं, टू-स्ट्रोक इंजिन दमलंय हे कानाला कळेपर्यंत बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. पिस्टन-रिंग वेळेवर बदलली तर काम तेवढ्यावर भागतं. तोच पिस्टन आणखी दोन रेस ओढला आणि त्याच्या स्कर्टचा (खालच्या घेराचा) तुकडा पडला, तर ब्लॉक, रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा), क्रँक, मेन बेअरिंग सगळंच बिलात येतं. म्हणून इंजिन खोलायचं की नाही हे मी आवाजावर ठरवत नाही, वहीतल्या आकड्यांवर ठरवतो.

हे सगळं १२५ सीसी, वॉटर-कूल्ड, रोटॅक्स मॅक्स जातीच्या इंजिनाबद्दल आहे. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ५४ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ५४.५. पूर्ण ओव्हरहॉलसाठी ५० तासांचा आकडा सांगतात. मी पिस्टन-रिंग २० ते २५ तासांना काढून मोजतो आणि रॉड-बेअरिंगचा निर्णय पन्नाशीच्या आत घेतो. तास अंदाजानं धरू नयेत. प्लगच्या वायरीवर गुंडाळायचा साधा अवर मीटर मिळतो, तो पहिल्या दिवसापासून लावावा. चॅम्पियनशिपमध्ये पळणाऱ्या इंजिनाला सील असतं, ते अधिकृत सेंटरमध्येच उघडायचं. पण पुढच्या बऱ्याच तपासण्या सील न तोडता घरी होतात.

पहिली तपासणी ट्रॅकवर. सरळ पट्ट्याच्या त्याच टोकाला, तोच स्प्रॉकेट, तसेच टायर आणि जवळपास तशीच हवा असताना कमाल आरपीएम दोन-तीनशेनं घसरला, आणि पुढच्या वेळीही तसाच राहिला, तर मी कॉम्प्रेशन मोजायचा गेज हातात घेतो. एकदाच घसरला तर आधी बाकीचे संशयित बघायचे. कोल्हापूरच्या ट्रॅकवर जानेवारीच्या सकाळी बरोबर बसलेला जेट (कार्ब्युरेटरमधून पेट्रोल मोजून सोडणारा) एप्रिलच्या दुपारी रिच होतो, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल जास्त पडतं, कारण तापलेली हवा विरळ असते. रीडच्या (इंजिनात हवा-पेट्रोल घेणाऱ्या झडपेच्या) पाकळीचा कोपरा उडालेला असतो, क्लच घसरत असतो. पेट्रोलचंही तसंच. आता पंपावर ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. त्यातलं इथेनॉल आपल्याच साखर कारखान्यांचं असलं तरी ते पाणी ओढतं, त्यामुळे महिनाभर कॅनमध्ये राहिलेलं पेट्रोल मी कार्टला वापरत नाही. इतकं सगळं तपासून संपलं की मगच इंजिनावर संशय.

मग कॉम्प्रेशन. इंजिन गरम, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी पूर्ण चार्ज आणि गेज दर वेळी तोच. गेजच्या नळीची लांबी बदलली तरी आकडा बदलतो, म्हणून मित्राच्या गेजशी तुलना करू नये. चेन्नईच्या आकड्यांशी तर मुळीच नाही. आमची सांगली समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आहे, हवेचा दाब सुमारे सहा टक्क्यांनी कमी. चेन्नईत १५० पीएसआय दाखवणारं इंजिन इथं १४० च्या आसपास थांबतं आणि साताऱ्यात अजून तीनेक पीएसआय खाली. इंजिनाला काही झालेलं नसतं. तुलना फक्त त्याच इंजिनाच्या रनिंग-इन (नवे भाग हळूहळू पळवून बसवणं) झाल्यावरच्या आकड्याशी करायची. त्यापेक्षा दहा टक्के पडलं की खोलायचं. खात्री हवी असेल तर प्लगच्या भोकातून टू-स्ट्रोक ऑइलचे चार-पाच थेंब सोडून पुन्हा मोजावं. काटा चढला तर गळती रिंगवरून आहे. न चढल्यास हेडचे ओ-रिंग बघावेत. चमचाभर ऑइल ओतू नये. हेडमधली जागा जेमतेम दहा-बारा मिलीची, ऑइलनं ती भरली की काटा खोटाच चढतो.

माझा सगळ्यात जास्त विश्वास मात्र एक्झॉस्टच्या तोंडावर. सायलेन्सर सोडवला की पोर्टमधून (धूर बाहेर जायच्या भोकातून) पिस्टन दिसतो. टॉर्च मारून क्रँक हळूहळू फिरवायचा. रिंगच्या खाली स्कर्टवर तपकिरी पट्टा उतरलेला दिसला तर रिंग गॅस धरत नाही. उभ्या ओरखड्यांवरून नख फिरवून बघावं, अडकलं तर खोलायचंच. रिंग पोर्टसमोर आणून बांबूच्या काडीनं हलकेच दाबायची. ती आत जाऊन परत बाहेर आली पाहिजे. जागची हललीच नाही तर खाचेत कार्बन बसलाय.

ब्लॉक उतरवल्यावर मोजमापाला घाई करू नये. पिस्टन पिनच्या काटकोनात, स्कर्टच्या खालच्या भागात मायक्रोमीटरनं मोजायचा. मे महिन्यात दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये मोजलेला पिस्टन आणि सकाळी २५ अंशांत मोजलेला तोच पिस्टन यांच्यात १५ ते २० मायक्रॉनचा (मिमीच्या हजाराव्या भागांचा) फरक येतो. झीजच तेवढी असते, म्हणजे निर्णय उलटा होऊ शकतो. पिस्टन, ब्लॉक आणि मायक्रोमीटर रात्रभर एकाच खोलीत ठेवून सकाळी मोजावं.

डायल बोअर गेज नसेल तर रिंग कामाला येते. रिंग बोअरमध्ये घालून पिस्टनच्या माथ्यानं सरळ ढकलायची आणि फिलर गेजनं गॅप घ्यायची: एकदा अगदी खाली, न झिजलेल्या भागात, एकदा वर, पोर्टच्याही वरच्या भागात. दोन गॅपमधल्या फरकाला ३.१४ नं भागलं की व्यासातला फरक निघतो. गॅप ०.०६ मिमीनं वाढली तर बोअर वर २० मायक्रॉन मोकळा झालाय. खालच्या भागातली गॅप रिंगची झीज सांगते. नव्या रिंगची पाव मिमीच्या आसपास असते, अर्ध्याच्या पुढे गेलेली रिंग मी परत घालत नाही.

ब्लॉकबद्दल एक गोष्ट अगदी कळकळीनं सांगतो. कुपवाड एमआयडीसीत बोरिंगचं काम चांगलं होतं. आरएक्स १०० बाइकचा लोखंडी स्लीव्ह (सिलिंडरचं आतलं नळकांडं) ०.२५ किंवा ०.५० ओव्हरसाइज करून देणं तिथं रोजचं आहे. पण कार्टचा ब्लॉक अॅल्युमिनियमचा, आतून निकासिलचा (निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा) कडक मुलामा, जाडी मिमीच्या दहाव्या भागाहूनही कमी. बोरिंग केलं की मुलामाच गेला. इथं बोअर वाढवायचा नसतो, मोजून त्याला बसणारा पिस्टन निवडायचा असतो. ते शतांश मिमीच्या फरकानं मिळतात.

इंजिन धरलं असेल, म्हणजे पिस्टन बोअरमध्ये अडकला असेल, तर बोअरवर पिस्टनचं अॅल्युमिनियम चिकटतं. कानकाडीनं हायड्रोक्लोरिक अॅसिड फक्त त्या डागावर लावायचं, हातमोजे घालून, उघड्यावर, हत्यारांपासून दूर आणि पोर्टच्या कडा सांभाळून. बुडबुडे येतात म्हणजे अॅल्युमिनियम विरघळतंय. डाग गेल्यावर बुडबुडे थांबले तर मुलामा शाबूत आहे. पाण्यानं धुऊन, वाळवून लगेच ऑइल लावावं. डाग जाऊनही फसफस चालूच राहिली तर मुलामा फुटलाय. तो ब्लॉक पुन्हा कोटिंगला पाठवायचा किंवा बदलायचा.

ब्लॉक निघालेलाच असतो तेव्हा रॉडही बघून घ्यावा. पिस्टन काढून क्रँक वरच्या टोकाला आणायचा आणि रॉड सरळ वर-खाली ओढायचा. तिथं हालचाल शून्य हवी. आडवी हालचाल असतेच, तिला घाबरू नये. गजन पिन (पिस्टन रॉडला जोडणारी) निळी पडली असेल किंवा तिच्यावर नखाला खड्डा लागला, तर पिन आणि निडल बेअरिंग दोन्ही बदलायचं. पावसाळ्यात तीन-चार महिने उभ्या राहिलेल्या इंजिनाचं मेन बेअरिंग गंजाच्या ठिपक्यांनी खरखरतं. बोटांनी फिरवताना खर जाणवली तर तास कितीही कमी असोत, क्रँककेस उघडावी.

जोडताना पिनच्या क्लिपा नव्याच घ्याव्यात, त्यांचं तोंड सरळ वर किंवा सरळ खाली ठेवावं. आडवं ठेवलं तर पिस्टनच्या धक्क्यांनी क्लिप निसटते. स्क्विश (वर आलेला पिस्टन आणि हेड यांच्यातली फट) २ मिमीच्या सोल्डर तारेनं, पिनच्या रेषेत दोन्ही बाजूंना मोजायचा. दुसऱ्या दिशेला पिस्टन डुलतो आणि आकडा फसवतो. पेट्रोल ५ लिटरला १०० मिली ऑइल. पहिल्या रनिंग-इननंतर पुन्हा सायलेन्सर काढून स्कर्ट बघावा. चार कोपऱ्यांवर चकाकणारे ठसे दिसले तर पाणी गरम होण्याआधीच थ्रॉटल दिलाय किंवा क्लिअरन्स (पिस्टन आणि बोअरमधली मोकळीक) कमी पडलाय. मी तेव्हा मेन जेट एक पायरी मोठा लावतो, वॉर्म-अप वाढवतो आणि अर्ध्या तासानं पुन्हा बघतो. ठसे पसरत असतील तर पिस्टन एक साइज लहान.