कॉपीराइटच्या तक्रारीत आधारवरचं नाव टाकलं, त्याचा अनुभव

मागच्या श्रावणात आमच्या गल्लीतला कानबाईचा, म्हणजे आमच्या खान्देशातल्या देवीचा, उत्सव शूट केला होता, रविवारची स्थापना, बायांची रात्रभर गाणी, सोमवारची मिरवणूक, सगळं. तो अख्खा व्हिडिओ एकाने उचलून स्वतःच्या चॅनेलवर टाकला, वर माझा लोगो ब्लर करून. कानबाईची गाणी कोणाच्या बापाची नाहीत हे मान्य, पण शूटिंग अन् रेकॉर्डिंग माझंच ना भाऊ. आणि आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात हक्क मिळायला नोंदणी लागतच नाही.

युट्युबचा फॉर्म तसा सोपा आहे, सगळे अडतात ते नावापाशी. मालक म्हणून जे नाव टाकाल ते काढलेल्या व्हिडिओच्या जागी सगळ्यांना दिसू शकतं, तिथे कंपनी असेल तर कंपनीचं चालतं. पण तक्रार करणाऱ्याचं पूर्ण कायदेशीर नाव वेगळं मागतात, तिथे चॅनेलचं नाव चालत नाही, कारण शेवटी तेच नाव टाइप करून सही करायची असते. हे सगळं अमेरिकेच्या 1998 च्या डीएमसीए या कॉपीराइट कायद्यातून आलंय. हक्क माझा किंवा मला मालकाच्या वतीने तक्रारीचा अधिकार आहे, हे तिथे शपथेवर सांगायचं असतं, खोटं निघालं तर अंगाशी येतं. आता शपथ टोपणनावाने कशी घेणार?

अन् ते नाव समोरच्यालाही कळू शकतं. पुण्या-मुंबईत याचं काही वाटत नसेल, इथे खान्देशात आडनाव अन् गाव कळलं की नातं निघतंच. वकिलामार्फत तक्रार करता येते, पण त्या फीत नवीन माईक येतो, म्हणून मी आधारवर आहे तसं वडिलांच्या नावासकट टाकलं.

व्हिडिओ उडाला, त्याच्या चॅनेलला स्ट्राइक, म्हणजे युट्युबचा कॉपीराइटचा ठपका, बसला, आणि लगेच पारोळ्याहून मामांचा फोन. "भाचा, तो पोऱ्या आपलाच शे, तक्रार मांगे लई ले ना." नव्वद दिवसांत तीन स्ट्राइक झाले की चॅनेल जाऊ शकतं, म्हणून तो घाबरला होता. मामांना नाही म्हणवत नाही, पण मी अट टाकली, त्याने उचललेले माझे बाकीचे व्हिडिओ त्याने स्वतः डिलीट करायचे. त्याने त्याच रात्री केले, मी लिंक उघडून उघडून तपासलं अन् मगच तक्रार मागे घेतली.